शेपटीकडची खाच

४ मार्च

बारक्या,

तुझं पार्सल पोचलं. एवढंसं खोकं बघून मला वाटलं, गड्याला शेवटी ताईची आठवण झाली, घड्याळबिड्याळ पाठवलं असेल. उघडलं तर बोटाएवढी टॉर्च, आणि सोबत चिठ्ठी: "रोज खिशात ठेव. कामावर वापर. खरं काय ते कळव. झाल्यावर नमुना परत पाठव." कशी आहेस, काय करतेस, काही नाही. वीजबिलावर यापेक्षा जास्त माया असते.

पत्र लिहितेय, कारण फोनवर मी पहिल्या वाक्याला भांडते आणि तू दुसऱ्या वाक्याला ठेवून देतोस. इथे निदान मला पोटभर भांडता येईल.

आता हसू की रडू ते तूच सांग. "मला अंधारात आयुष्य काढायचं नाही" म्हणून तू लिफ्टचं काम सोडलंस, वर्कशॉप सोडलं, घर सोडलं. "मग उजेडातच राहा" म्हणून बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. आणि एवढं रामायण करून, एवढ्या लांब जाऊन, तू बनवलंस काय तर टॉर्च! अरे, उजेडात राहणाऱ्याला टॉर्च कशाला लागते?

असो. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट घे. वजनाला हलकी, हाताला चांगली. काळा धातू, खिशाला अडकवायला क्लिप, अंगठा जातो तिथेच बटण. शेपटीकडे रबराची पट्टी आहे आणि त्या रबराला गोलाकार खाच आहे, ती कशासाठी ते कळलं नाही. भरदुपारी, शटर सताड उघडं असताना, मी ती बाकाखाली मारून बघितली आणि दचकून मागे सरकले. बाकाखालची ती जागा मी लहानपणापासून झाडतेय. तिथे भिंतीला निळा रंग आहे हे मला आज कळलं. गेल्या वर्षी हरवलेली स्प्रिंगही तिथेच सापडली. म्हणजे टॉर्चने पहिल्याच दिवशी काम केलं, लिहून घे.

बाबांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बरे आहेत. मी टॉर्च मुद्दाम त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. कोणी पाठवली ते बोलले नाही, पण खोक्यावरचं तुझं अक्षर त्यांनी पाहिलंच होतं. त्यांनी फुटपट्टी उचलली आणि फुटपट्टीने टॉर्च माझ्या बाजूला सरकवली. मेलेलं झुरळ सरकवावं तशी. हात लावला नाही.

वर म्हणाले, "माझी नेली, आता ही पाठवतोय."

त्यांच्या डोक्यातून अजून ते जात नाही. तू गेलास तेव्हापासून त्यांची ती जुनी पितळी टॉर्च, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेली, सापडत नाहीये, आणि त्याचं खापर तुझ्या डोक्यावर. मी प्रत्येक वेळी तुझी बाजू घेते. म्हणते, त्याला ती भंगार टॉर्च काय करायचीय, तुम्हीच कुठल्यातरी कामावर विसरला असाल. ते नुसतं "हं" करतात.

आई होती तोवर तुम्हा दोघांचे निरोप ती पोचवायची आणि पोचवताना त्यातले काटे काढायची. मला काटे काढायला वेळ नाही. जसे येतील तसे पाठवीन. पण एक सांगते: मला तुझी ही नवी टॉर्च त्यांच्या हातात बघायचीय. का ते विचारू नकोस.

ताई


१३ मार्च

बारक्या,

तुझ्या टॉर्चने माझी अब्रू काढली, ते आधी ऐक.

एका इमारतीच्या लोकांनी मला बैठकीला बोलावलं होतं. त्यांची लिफ्ट आम्ही सांभाळावी की दुसऱ्या कोणाला द्यावी, हे ठरायचं होतं. मी ठेवणीतला आवाज काढून सुरक्षिततेवर बोलत होते. तेवढ्यात समोरच्या बाईंची नजर माझ्या खिशावर गेली, मग शेजारच्यांची, मग सगळ्यांचीच. मी खाली बघितलं तर माझी मांडी कंदिलासारखी पेटलेली. खुर्चीच्या कडेला लागून बटण दाबलं गेलं होतं आणि टॉर्च पूर्ण ताकदीने खिशातच चालू होती. मग चटका बसला. सुरक्षितता अर्ध्यावर टाकून मी उडी मारली.

"अहो, खिशात काय पेटलंय?" सेक्रेटरी ओरडले.

म्हटलं, "काही नाही, आमच्या बंधुराजांचे उद्योग."

काम मिळालं. हसून हसून दमल्यावर माणसं सही करतात. पण त्या बटणाला काहीतरी अडसर कर. खिशात आपोआप पेटणारी टॉर्च म्हणजे खिशातला विंचू.

आता चांगलं सांगते, तेही झटपट, म्हणजे तुला चढायला नको. तुझा सगळ्यात मंद उजेड मला फार आवडला. लोक सगळ्यात जास्त किती ते विचारत असतील, मी तुला सांगते की सगळ्यात कमी किती त्यातच खरी करामत आहे. मशीनच्या खोलीत पाटीवरचे बारीक आकडे वाचायला मी तो लावला. डोळ्यांवर काही आपटलं नाही, पत्र्यावर चकाकलं नाही, आकडे जणू स्वतःहून पुढे आले. मी तिथे उगाच थोडा वेळ थांबले. मग सगळ्या पाट्या वाचून काढल्या, गरज नसताना. शाळेत कधी एवढं वाचलं नव्हतं.

तक्रारी दोन. मला हातातल्या टॉर्चची सवय नाही, शिकले तीच हेल्मेटवर दिवा लावून, त्यामुळे माझं मत जरा बाहेरचं समज. पण ती शेपटीकडची खाच कशाला ठेवलीस? खिशातला सगळा कचरा त्यात जाऊन बसतो आणि टॉर्च काढताना खिशाची शिवण अडकते. दुसरं म्हणजे त्या खाचेत एका जागी तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा आलाय. साच्यात कचरा गेला असणार. बाकी सगळं इतकं गुळगुळीत असताना तो फार डोळ्यांत येतो. मी ब्लेडने कापायलाही घेतला होता, पण तुझं "नमुना परत पाठव" आठवलं आणि ब्लेड ठेवलं.

बाबा बरे आहेत. गुडघ्यांमुळे हल्ली लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरत नाहीत, एवढंच. बाकावर बसून असतात. मी त्यांना चहा अर्धाच कप देते. डॉक्टरांनी सांगितलंय असं समज.

टॉर्च अजून माझ्याच बाजूला आहे.

ताई


२५ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळींचं का होईना, पण मिळालं. "बटणाला लॉक करतो. खाच राहू दे, आणि उंचवटा कापू नकोस." बरं बाबा, नाही कापत. साच्यातल्या कचऱ्यावर एवढा जीव जडलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आज मला भांडायचं नाहीये. आज मी जे बघितलं ते तुलाच सांगता येईल, कारण शाफ्ट म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

नदीकाठची ती उंच इमारत आठवते? लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून मी केबिनच्या टपावर उभी होते. ग्रीसने माखलेले हातमोजे, बुद्धी झाली की तुझ्या टॉर्चने रेल बघावी. बोटांतून सटकली. केबिन आणि भिंतीच्या मधल्या फटीतून थेट खाली.

पेटलेलीच पडली, बारक्या. गिरक्या घेत. मी फटीतून वाकून बघत होते. अख्खा शाफ्ट तिच्याबरोबर फिरत होता: दोर, भिंत, रेल, दारांच्या पाठी, पुन्हा दोर, पुन्हा भिंत, प्रत्येक मजला क्षणभर उजळायचा आणि विझायचा, पुढचा उजळायचा. मला वाटलं होतं, पडणारी वस्तू म्हणजे काळजात धस्स होणं. पण धस्स झालंच नाही. मी आ वासून बघत राहिले. मग खालून खणकन आवाज आला. म्हटलं, संपली. आणि खालचा उजेड तसाच होता. हलला नाही, विझला नाही.

मी जिन्याने पळत खाली गेले. तळाच्या खड्ड्यात उतरले. ती कोपऱ्यात पडली होती, काठाला एक ओरखडा, बस. उचलली आणि सगळ्यात मोठा उजेड लावून सरळ वर धरली.

मी इतकी वर्षं शाफ्टमध्ये काम करतेय. माझ्या हेल्मेटच्या दिव्यात मला एक दार दिसतं, फार तर दोन. जिथे हात घालायचा तेवढंच दिसतं, बाकी काळोख, आणि तो काळोख म्हणजेच शाफ्ट असं मी धरून चालले होते. आज पहिल्यांदा मला अख्खा शाफ्ट एकदम दिसला. तळापासून माथ्यापर्यंत. दोर इतके सरळ की जणू कोणी हवेत रेघा ओढल्यात. दारांच्या पाठी एकावर एक, एकावर एक. आणि पार वर, टिकलीएवढा, केबिनचा तळ. मी मान वर करून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाने आलं ते मला सांगता येत नाही. आपण ज्याच्या पोटात राहतो ते एवढं मोठं आणि एवढं नीट आहे, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

आणि मग हात दिसला. वरच्या एका मजल्याशी, भिंतीत, पाचही बोटं उमटलेली. कुणा गवंड्याने ओल्या सिमेंटवर टेकलेला तळवा. इमारत बांधली तेव्हापासून तिथे असणार, जिथे कोणी कधी बघणार नाही अशा जागी. मी खालून त्याला हात केला. हस खुशाल.

जेवताना मला राहवेना. मी बाबांना सांगून टाकलं. टॉर्चचं नाव काढलं नाही, फक्त हाताचं सांगितलं. ते घास तसाच ठेवून म्हणाले, "सातव्या मजल्याच्या वर ना?"

"हो."

"दाराच्या उजव्या अंगाला?"

"तुम्हाला माहीत होता?"

"डावा हात आहे तो. गवंडी डावखुरा होता." मग म्हणाले, "मी प्रत्येक वेळी वर जाताना त्यावर हात ठेवायचो. माझ्यापेक्षा लहान आहे."

कित्येक महिन्यांत ते कामाबद्दल इतकं बोलले नव्हते. मला आपली सुट्टीतली दुपार आठवली. ते शाफ्टमध्ये, आपण दोघं मजल्यावर दार धरून उभे. काम करताना त्यांना बोलता यायचं नाही, नुसतं घशातल्या घशात हुं करायचे. एक हुं म्हणजे मी, दोन हुं म्हणजे तू. दुसरा हुं आला की तू माझ्याकडे बघून जीभ दाखवायचास आणि पळायचास. मला नेहमी वाटायचं, तुलाच जास्त बोलावतात.

जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावरच्या टॉर्चकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात टेबलाखाली घेतले.

तुझ्या टॉर्चचा रिपोर्ट: मी हरले. ही वस्तू जबरदस्त आहे. असं लिहिताना माझा हात दुखतोय, पण खरं काय ते कळव म्हणालास ना.

ताई


३ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र. या वेळी चक्क पानभर! म्हणजे तुझ्या भागीदारांनाही ती खाच नको आहे. फोटोत वाईट दिसते, विकणाऱ्यांना समजावता येत नाही, शेपटी गुळगुळीत हवी, आणि पुढच्या आठवड्यात पक्का साचा होणार. तू त्यांना थांबवून धरलंयस आणि शेवटचा शब्द माझा, असं लिहिलंयस.

मग माझा शब्द हाच: काढून टाक. मी महिनाभर ती खिशात वागवली. ती आता माझ्या अंगाचाच भाग झालीय, घरातून निघताना किल्ल्यांच्या आधी तिला चाचपते. तिच्यातलं सगळं मला पटलंय, फक्त ती खाच आणि तो दाणा सोडून. त्याचा उपयोग मला एकदाही झाला नाही. चांगल्या वस्तूला नाहक वैगुण्य कशाला?

आणि पत्राच्या अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं तू विचारलंस, "बाबांनी हातात घेऊन बघितली का?"

नाही. आणि त्याचं अर्धं कारण तू आहेस, अर्धं मी तुला सांगितलेलं नाही. गुडघे वगैरे काही नाही. त्यांचे हात कापतात. कप अर्धाच देते तो सांडतो म्हणून. आधी उजवा, आता दोन्ही. स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसत नाही, बसला तर निसटतो. डॉक्टर म्हणतात, औषधाने वाढणार नाही, पण जाणारही नाही. ज्या दिवशी हातातून पाना पडला त्या दिवसापासून ते शाफ्टमध्ये आलेले नाहीत. बाकावर बसून असतात, पुढ्यात एखादं दाराचं लॉक ठेवून. गिऱ्हाईक आलं की लॉक उघडल्यासारखं करतात. गिऱ्हाईक गेलं की हात मांडीवर. मी बघत नाही असं दाखवते.

तुला कळवू नकोस अशी त्यांची ताकीद होती. आज ताकीद मोडली.

मला ते बघवत नाही, बारक्या. वय झालं म्हणून माणूस घरी बसला तर हरकत नाही. पण हे बसलेले नाहीत, हे दारात ताटकळलेत. वाचनालयाची जुनी लिफ्ट, त्यांनी स्वतः उभी केलेली पहिली, ती हल्ली मध्येच अडकते आणि मला दोष सापडत नाहीये. सोमवारी दुसऱ्या कंपनीची माणसं ती मोडून काढायला येणार. ही बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. ते "बरं" मला सहन झालं नाही. उद्या त्यांना उचलून नेणार आहे. आले तर ठीक, नाहीतर खुर्चीसकट.

ताई


५ एप्रिल

बारक्या,

खाच काढू नकोस.

फोन केला होता, तू साच्याच्या कामाला गेलायस असं कळलं. निरोप ठेवलाय: "खाच आहे तशी राहू द्या, दाण्यासकट." ज्याने घेतला त्याला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलंय. कारण इथे लिहिते. बसून वाच.

बाबांना नेलं. "तिचा आवाज तुम्हालाच कळतो, नुसतं ऐकायला चला," असं म्हटल्यावर आले. जुनं जॅकेट घातलं, पुष्कळ खिशांचं, खिसे सगळे रिकामे. ग्रंथपाल बाईंनी लिफ्टला "बंद आहे" अशी पाटी लावली आणि बाबांना बघून नुसती मान लववली.

केबिन तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली आणून आम्ही दोघं टपावर चढलो. त्यांना पट्टा बांधला, थांबवायचं बटण दाबलं. तिसऱ्या मजल्याच्या दारामागचं लॉक मी हेल्मेटच्या दिव्यात पुन्हा बघितलं, किती वेळा बघितलं असेल त्याला हिशोब नाही. काही नाही. स्वच्छ.

"तो डोक्यावरचा दिवा बंद कर," बाबा म्हणाले.

"मग दिसणार कसं?"

"नजर जिथून तिथूनच उजेड टाकतेस, मग सावली कशी पडणार? सगळं सपाटच दिसतं. खालून, बाजूने टाक."

दिवा बंद केला, तुझी टॉर्च काढून बाजूने धरली. पण लॉकचा दांडा दाबून बघायला मला दोन्ही हात हवे होते. मी घुटमळले. बाबांनी हात पुढे केला.

"आण."

मी दिली. त्यांनी घेतली. मला ज्याची महिनाभर आस होती ते झालं, आणि पुढच्या क्षणी वाटलं, झालं नसतं तर बरं. त्यांचा हात कापत होता, बारक्या, आणि त्या हातात तुझी टॉर्च. उजेड शाफ्टच्या भिंतीभर थरथरायला लागला. कपातला चहा हिंदकळतो ते मी रोज बघते, पण ते एवढंसं असतं. हे भिंतीएवढं होतं. दोर थरथरत होते, दार थरथरत होतं, सगळा शाफ्ट थरथरत होता. त्यांनीही ते बघितलं. आपलं दुखणं एवढं मोठं होऊन समोर आलेलं त्यांनी बघितलं. मला कुठे बघावं कळेना.

मग त्यांनी ती टॉर्च तोंडात धरली.

विचार करून नाही. दोन्ही हात कामात असले की जन्मभर करत आले तसं. शेपटी दातांत पकडली, आणि उजेड थांबला. एकदम. कोणी भिंतीला खिळा ठोकावा तसा. हात कापत होते, पण दात कापत नव्हते.

आणि मला कळलं. माझ्या डोक्यावर कायम दिवा, म्हणून मला दात आठवलेच नाहीत! आपण दार धरून उभे असायचो, आत त्यांच्या तोंडात ती पितळी टॉर्च असायची, म्हणून तर ते हुं करायचे. मी मूर्ख, खिशाची शिवण अडकते म्हणून तक्रार करत बसले.

पण अजून पुढे आहे. त्यांनी टॉर्च दातांत जराशी फिरवली. मग आणखी जराशी. आणि थबकले. तोंडातून काढली, अंगठा खाचेवरून फिरवत नेला, त्या दाण्यावर येऊन थांबला. पुन्हा तोंडात धरली. त्यांचा वरचा तो दात तुला माहीत आहे, जुन्या टॉर्चने टवका उडवलेला. तुझा दाणा त्या टवक्यात जाऊन बसला. मी ते होताना बघितलं. जबडा सैल पडला आणि टॉर्च तशीच राहिली, चावायची गरजच नाही.

मी साच्यातला कचरा म्हणाले होते त्याला. ब्लेड घेतलं होतं मी हातात.

ती जुनी टॉर्च तूच नेलीस ना रे? तिच्या रबरावर त्यांच्या दातांचा ठसा होता, त्यावरून केलंस. मी इकडे तुझी वकिली करत होते आणि तू चोर निघालास. आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. उजेडाच्या वर त्यांचे डोळे दिसत होते. काही बोलता येण्यासारखं नव्हतंच. मग मान तिरकी करून त्यांनी उजेड लॉकच्या दांड्यावर आणला, खालून, बाजूने, आणि हुं केलं. एक. म्हणजे मी.

दांड्यावर केसाएवढी सावली होती. भेग. मी इतक्या वेळा समोरून बघितलेल्या त्याच जागी. केबिन शेजारून गेली की दांडा तेवढ्यापुरता वाकायचा आणि दार उघडंय असं समजून लिफ्ट थांबायची. मी दांडा काढला, नवा बसवला. माझे हात आणि त्यांचा उजेड. पुढचा स्क्रू कुठला ते सांगावं लागलं नाही, मी पोचायच्या आधी उजेड तिथे असायचा. मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर आहे, पण त्यांचं काम मी काल बघितलं. आत, त्यांच्या शेजारी उभं राहून. बारक्या, तो माणूस काय बघतो रे! धूळ बघून सांगतो वारा कुठून येतो.

शेवटचा स्क्रू बसला. त्यांनी तोंड मजल्याच्या दाराकडे वळवलं, जिथे आपण उभे असायचो, आणि हुं केलं.

दोन.

मला वाटलं, ते चुकले. म्हटलं, "बाबा, मी आहे."

त्यांनी पुन्हा केलं. दोन.

मग टॉर्च काढली, जॅकेटला पुसली. म्हणाले, "तू आहेस ते दिसतंय मला. त्याला बोलावतोय."

ते दाराकडेच बघत होते. "एवढ्या लांब ऐकू जायचं नाही," ते म्हणाले. "तू लिही."

म्हणून लिहितेय.

आम्ही लिफ्ट खालीवर करून बघितली, एकदाही अडली नाही. ग्रंथपाल बाई पुस्तकांची गाडी घेऊन स्वतः वर जाऊन आल्या. मोडणाऱ्यांना आजच नको म्हणून कळवलंय. आज सकाळी माझ्या आधी बाबा जॅकेट घालून दारात उभे. नदीकाठच्या इमारतीत जाऊ म्हणाले, त्या हाताला भेटायचंय त्यांना.

त्यांचा रिपोर्ट तीन शब्दांचा आहे, जसाच्या तसा पाठवते: "रबर कडू लागतं." तेवढं बघ.

राहता राहिला नमुना परत पाठवायचा. तो आता त्यांच्या खिशात असतो. काल घरी आल्यावर मी मागितला. म्हटलं, बारक्याला परत द्यायचाय, कबूल केलंय.

ते म्हणाले, "त्याने माझी कुठे दिलीये अजून? आधी ती घेऊन ये म्हणावं."

तेव्हा ये. आणि ती घेऊनच ये.

ताई